ताळा जमला, पण आकडा बरोबर आहे का?

गेल्या अंकात मी सिमँटिक मॉडेलबद्दल लिहिलं होतं. कंपनीच्या कच्च्या टेबलांवर उभा केलेला हा एक थर असतो. कोणतं टेबल कशाला जोडायचं, ‘विक्री’ कशाला म्हणायचं, वर्ष कधी सुरू होतं, कोणाला काय दिसावं हे त्यात एकदाच ठरवून ठेवतात आणि पुढचा प्रत्येक अहवाल तिथूनच आकडे घेतो. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०२३ मध्ये पॉवर बीआय या आपल्या अहवाल बनवण्याच्या साधनातल्या ‘डेटासेट’ला हे नाव दिलं, पण कल्पना जुनीच आहे. बिझनेस ऑब्जेक्ट्स या जुन्या अहवाल-साधनावर काम केलेल्यांना त्यातलं ‘युनिव्हर्स’ आठवत असेल.

त्या लेखावर आलेल्या पत्रांमधलं दुखणं जवळपास एकच आहे : आकडा येतो, पण त्यावर विसंबायचं कसं? म्हणून या वेळी तपासणीचेच प्रश्न घेतले आहेत. बहुतेक जण पॉवर बीआय वापरतात, त्यामुळे उदाहरणं त्यातली आहेत.

प्रश्न : ताई, आमचा शेतीपंपांच्या वितरणाचा धंदा आहे. कोल्हापूरला मुख्य ऑफिस, बेळगाव आणि हुबळीला शाखा. मी मॉडेल बनवून मार्चची विक्री दाखवली. अकाउंट्सवाले म्हणतात टॅलीत वेगळी आहे, जीएसटी रिटर्न भरणारे सीए तिसराच आकडा देतात, सेल्स मॅनेजर चौथा. मालक मलाच विचारतात, ‘तुझंच चुकलंय ना?’ त्यांना काय सांगू?
– एमआयएस एक्झिक्युटिव्ह, कोल्हापूर

उत्तर : मालकांना शांतपणे सांगा की चौघांचेही आकडे बरोबर असू शकतात. चौघं चार वेगळ्या गोष्टी मोजतायत आणि चारही गोष्टींना ‘विक्री’च म्हणतायत.

तुमचंच उदाहरण घेऊ. कोल्हापूरहून बेळगाव शाखेला पंप पाठवले की ते दोन राज्यांतल्या दोन जीएसटी नोंदण्यांमधलं हस्तांतर होतं. कायदा या दोन नोंदण्यांना वेगळ्या व्यक्ती मानतो. त्यामुळे टॅक्स इन्व्हॉइस निघतं, कर लागतो आणि ते जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रात जातं. कंपनीच्या नफा-तोटा पत्रकात मात्र ती विक्री नसते, कारण माल अजून आपल्याच गोदामात आहे. म्हणजे या एका कारणाने सीएंचा आकडा फुगणारच. दुसऱ्या बाजूला, वर्षाअखेरीस डीलरला स्कीमची सूट देताना पुष्कळदा जीएसटीला हात न लावता नुसती आर्थिक क्रेडिट नोट काढतात. ती रिटर्नमध्ये जात नाही, पण खतावणीत विक्रीतून किंवा सूट खात्यातून आपला परिणाम दाखवते. सेल्स मॅनेजर बहुधा ऑर्डरच्या तारखेने मोजतात, कारण त्यांचं टार्गेट ऑर्डरवर असतं, आणि कित्येकदा रक्कम करासकट धरतात. मार्चमध्ये हे सगळं एकदम अंगावर येतं. ३१ मार्चला बिल फाडलं आणि गाडी २ एप्रिलला निघाली, तर ती विक्री कोणत्या वर्षाची? याचं उत्तर मॉडेल बनवणाऱ्याने देऊ नये. ते अकाउंट्सकडून घ्यावं आणि मॉडेलमध्ये तसंच उतरवावं.

आधी ‘निव्वळ विक्री’ची व्याख्या एका वाक्यात लिहा. उदाहरणार्थ : बिलाच्या तारखेनुसार, जीएसटी वगळून, रद्द बिलं सोडून, परत आलेला माल आणि स्कीमच्या क्रेडिट नोटा वजा करून, शाखा हस्तांतर न धरता. हे वाक्य अकाउंट्सच्या प्रमुखांना आणि मालकांना दाखवा, त्यांचा होकार घ्या आणि मेजरच्या, म्हणजे मॉडेलमधल्या आकडा काढणाऱ्या सूत्राच्या, वर्णनाच्या चौकटीत तेच वाक्य टाका. प्रत्येक मेजरला वर्णन लिहिण्याची सोय असते. मी पाहिलेल्या बहुतेक मॉडेलांत ती चौकट कोरी असते आणि याचं मला फार वाईट वाटतं. मॉडेल बनवणारा माणूस नोकरी सोडून गेला की त्या कोऱ्या चौकटीपायी मागे राहिलेल्यांचे आठवडे जातात.

मग बँक रिकन्सिलिएशन स्टेटमेंट मांडतो तसं विक्रीचं ताळमेळ पत्रक मांडा. सुरुवात मॉडेलच्या निव्वळ विक्रीपासून. त्यात शाखा हस्तांतर मिळवा, जीएसटीविना काढलेल्या क्रेडिट नोटा परत मिळवा आणि जीएसटीआर-१ च्या करपात्र मूल्यापर्यंत या. टॅलीपर्यंत जाणारी दुसरी ओळ तशीच. तिथे राउंड ऑफचे पैसे आठवणीने धरा, ते बहुधा वेगळ्या खात्यात पडलेले असतात. यातल्या प्रत्येक ओळीचं मॉडेलमध्ये स्वतंत्र मेजर ठेवलंत की पत्रक दर महिन्याला आपलं आपण तयार होईल. शेवटी न उलगडलेली रक्कम उरली तर ती लहान आहे म्हणून सोडू नका. चारशे रुपयांच्या फरकामागे एकीकडे पाच लाखांची आणि दुसरीकडे चार लाख नव्व्याण्णव हजार सहाशेची अशा दोन उलट चुका दडलेल्या असू शकतात.

हे पत्रक हातात घेऊन मालकांसमोर बसा. ‘माझा बरोबर की तुमचा’ हा वाद तिथेच थांबतो आणि बोलणं शाखा हस्तांतरावर, स्कीमवर, न निघालेल्या गाड्यांवर सुरू होतं. मालकांना खरं तर तेच ऐकायचं असतं.

प्रश्न : आम्ही पुण्यात परदेशी ग्राहकासाठी मॉडेलं बनवतो. टेस्टिंग टीम एकूण बेरीज सोर्सशी जुळवते आणि ‘पास’ लिहिते. याहून जास्त काय तपासायचं असतं?
– डेटा इंजिनिअर, पुणे

उत्तर : या महिन्यात मला सगळ्यात मोलाचा वाटलेला प्रश्न हाच. एकूण बेरीज जुळणं ही सगळ्यात दुबळी तपासणी आहे, कारण मॉडेलमधल्या नेहमीच्या चुका बेरजेला धक्काच लावत नाहीत.

पाहा. बिलात एक उत्पादन कोड आहे आणि उत्पादन मास्टरमध्ये, म्हणजे उत्पादनांच्या मूळ यादीत, तो नाही. पॉवर बीआय अशा बिलांसाठी मास्टरला गुपचूप एक कोरी रांग जोडतं आणि सगळी रक्कम तिच्यात टाकतं. एकूण बेरीज अगदी बरोबर. पण कोणीतरी अहवालात कोरी रांग बरी दिसत नाही म्हणून फिल्टर लावून ती काढतो, आणि पैसे अहवालातून नाहीसे होतात. दुसरा प्रकार याच्या उलट. मास्टरमध्ये एकच कोड दोनदा आहे, एकदा ‘मोटर’ गटात आणि एकदा ‘सुटे भाग’ गटात. एकास-अनेक नातं (मास्टरमध्ये कोड एकदाच, बिलांत कितीही वेळा) जोडायला गेलं की मॉडेल अडवतं. ते अडवणं हा इशारा असतो, पण घाईत असलेला माणूस अनेकास-अनेक नातं निवडून मोकळा होतो. आता त्या कोडची विक्री दोन्ही गटांत दिसते आणि खालची एकूण मात्र बरोबरच येते. गटांची बेरीज हाताने केली तरच ती एकूणपेक्षा जास्त भरते आणि चूक सापडते. तिसरा प्रकार म्हणजे कोड मास्टरमध्ये आहे, एकदाच आहे, पण चुकीच्या गटात आहे. याला तर मॉडेलकडे उत्तरच नाही. तो धंदा जाणणाऱ्या माणसानेच पाहावा लागतो.

म्हणून माझा आग्रह असतो तो असा. खरा डेटा लावण्याआधी मॉडेलला हाताने बनवलेली चार-पाच बिलं द्या, ज्यांचं उत्तर तुम्ही कागदावर आधीच काढलेलं आहे. नमुना देते. पहिलं बिल ३१ मार्चचं, १०,००० रुपयांचं. दुसरं १ एप्रिलचं, २०,०००. तिसरं ५ एप्रिलचं, १५,०००, पण रद्द झालेलं. चौथं १० एप्रिलचं, १२,०००, त्यातला ३,००० चा माल २ मे रोजी परत आला. पाचवं २० एप्रिलचं, ८,०००, त्याचा उत्पादन कोड मास्टरमध्ये नाही. आता एप्रिलची निव्वळ विक्री ४०,००० यायला हवी, मेची उणे ३,०००, आणि आर्थिक वर्षाची मेअखेर ३७,०००. उत्पादनवार पाहिलं तर एप्रिलचे ८,००० कोऱ्या रांगेत दिसायला हवेत. एप्रिल ५५,००० आला तर रद्द बिल गाळलेलं नाही. मेअखेर ४७,००० आला तर वर्ष एक एप्रिलला सुरू झालेलं नाही. एप्रिल ३७,००० आणि मे शून्य आला तर परतावा मूळ बिलाच्या तारखेला टाकला जातोय. ते तुमच्या ग्राहकाला चालत असेलही, पण विचारून घ्या. एवढ्याशा डेटात चूक कुठून आली हे डोळ्यांनी दिसतं. कोट्यवधी ओळींमध्ये ते शोधत बसावं लागतं.

त्यानंतर खरा डेटा. त्यासाठी हिशेब बंद झालेला महिना घ्या, चालू महिना नको. सोर्सवरची, म्हणजे मूळ डेटाबेसमधून आकडा काढणारी, एसक्यूएल क्वेरी मॉडेल बनवणाऱ्याने लिहू नये, दुसऱ्याने लिहावी, आणि तीही मॉडेल न उघडता, फक्त लेखी व्याख्या वाचून. एकाच माणसाने दोन्ही बाजू लिहिल्या तर एकच गैरसमज दोन्हीकडे उतरतो आणि आकडे आनंदाने जुळतात. जुळवणी महिना, शाखा आणि उत्पादन गट या तिन्हींच्या पातळीवर करा. निर्णय ज्या पातळीवर घेतले जातात, तपासणीही तिथेच व्हायला हवी. शाखेला माल पाठवायचा की नाही हे कंपनीच्या एकूण विक्रीवरून कोणी ठरवत नाही.

मॉडेलच्या बाजूची क्वेरी डॅक्स या पॉवर बीआयच्या सूत्रभाषेत, पॉवर बीआय डेस्कटॉपच्या डॅक्स क्वेरी व्ह्यूमध्ये किंवा डॅक्स स्टुडिओत लिहिता येते. ती फाइल जपून ठेवा. एखादं मेजर बदललं, नवं नातं जोडलं, की साऱ्या क्वेऱ्या पुन्हा चालवा आणि जुन्या उत्तरांशी ताडून पाहा. आज बरोबर असलेलं मेजर पुढच्या महिन्यात कोणी दुसऱ्याच कारणासाठी जोडलेल्या दुतर्फा फिल्टरमुळे (दोन टेबलांनी एकमेकांना दोन्ही दिशांनी गाळण्यामुळे) बिघडतं, आणि त्या मेजरला तर कोणी हातही लावलेला नसतो. टॅब्युलर एडिटर या मॉडेल संपादनाच्या साधनातलं बेस्ट प्रॅक्टिस ॲनालायझर जरूर चालवा. ते दुतर्फा नाती, न वापरलेले कॉलम, रकमेसाठी वापरलेला दशांशाचा चुकीचा प्रकार अशा गोष्टी नेमक्या दाखवतं. पण ते मॉडेलची बांधणी तपासतं. आकडा खरा आहे की नाही हे त्याला कळण्याचा मार्ग नाही.

तुमच्या टीमला एक छोटी भर सुचवते. ‘पास’ लिहिताना कशाशी, कोणत्या पातळीवर आणि कोणत्या महिन्यासाठी जुळवलं हेही लिहायला लावा.

प्रश्न : बियाणांच्या विक्रीच्या आमच्या अहवालात एकाच जिल्ह्याच्या दोन रांगा येतात, औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर. तसंच उस्मानाबाद आणि धाराशिवचं. आता अहमदनगर आणि अहिल्यानगरचंही सुरू झालंय. दर वेळी हाताने ‘रिप्लेस’ करतो. कायमचा इलाज आहे का?
– विक्री विश्लेषक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आहे, आणि सोपा आहे. टेबलं नावाने जोडू नका, कोडने जोडा. केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक जिल्ह्याला, तालुक्याला आणि गावाला कोड दिलेला आहे. तो वापरा किंवा स्वतःचा ठेवा, पण व्यवहारांच्या टेबलात फक्त कोड राहू द्या. नाव मास्टरमध्ये एकाच जागी राहील. तिथे ते बदललं की जुन्या-नव्या सगळ्या वर्षांवर नवं नाव दिसेल. २०२३ आणि २०२४ मधल्या या नामांतरांसाठी हेच योग्य आहे, कारण नाव बदललं तरी जिल्हा तोच राहिला.

पण याच इलाजाचा हात धरून पालघरकडे जाऊ नका. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. वसई, डहाणू, जव्हार, मोखाडा, वाडा हे तालुके तोवर ठाण्यात होते. जुना डेटा तसाच ठेवला तर ऑगस्ट २०१४ ला ठाण्याची विक्री धाडकन पडलेली दिसेल आणि कोणीतरी ठाण्याच्या सेल्स ऑफिसरला जाब विचारेल. सगळा इतिहास नव्या नकाशावर बसवला तर आलेख सरळ होतो, पण २०१३ मध्ये ठाण्याच्या माणसाला मिळालेला इन्सेन्टिव्ह कशावर काढला होता हे आता त्या मॉडेलमधून सांगता येत नाही. दोन्ही गरजा खऱ्या आहेत. त्यामुळे व्यवहार तालुक्याच्या पातळीवर ठेवा आणि तालुका मास्टरमध्ये दोन कॉलम ठेवा, ‘तेव्हाचा जिल्हा’ आणि ‘आजचा जिल्हा’. ‘तेव्हाचा’ साठी तालुक्याच्या दोन रांगा लागतील, एक ३१ जुलै २०१४ पर्यंतची आणि एक त्यानंतरची. प्रत्येकीला स्वतःचा वेगळा क्रमांक द्या आणि बिलावर त्या दिवशी लागू असलेल्या रांगेचा क्रमांक चढवा. डेटा वेअरहाउसचे जाणकार राल्फ किंबॉल यांच्या पद्धतीत नाव जागच्या जागी बदलण्याला टाइप वन म्हणतात आणि जुनी-नवी अशा वेगळ्या रांगा ठेवण्याला टाइप टू, पण ही नावं पाठ नसली तरी काही अडत नाही.

तपासणी एका ओळीची आहे. कोणताही महिना घ्या. ‘आजच्या’ ठाणे आणि पालघरची मिळून विक्री ही त्या सगळ्या तालुक्यांच्या विक्रीइतकीच असली पाहिजे. आणि जुलै २०१४ पर्यंतच्या प्रत्येक महिन्यात ती ‘तेव्हाच्या’ ठाण्याएवढीही भरली पाहिजे.

तुमच्या सेल्स ऑफिसरांचे झोन दर एप्रिलला बदलतात, असं तुम्ही पत्रात पुढे लिहिलंय. तो पालघरचाच प्रकार आहे, नामांतराचा नाही.

प्रश्न : तासगाव भागात आमची बेदाण्याची शीतगृहं आहेत. मॉडेलमध्ये महिनाअखेरचा साठा बरोबर दिसतो, पण एप्रिल ते जून अशी तिमाही निवडली की तिन्ही महिन्यांची बेरीज येते. आमच्या चेंबरमध्ये मावणारच नाही एवढा माल दिसतो. मेजरमध्ये साधी बेरीज लिहिली आहे.
– हिशेबनीस, तासगाव

उत्तर : साठ्याची बेरीज चेंबरवार होते, तारखांवर होत नाही. एप्रिलअखेर ९०० टन, मेअखेर ८०० आणि जूनअखेर ६५० असेल तर तिमाहीअखेरचा साठा ६५०. तुमचं मॉडेल २,३५० दाखवतंय, कारण मेमध्ये पडून असलेला तोच बेदाणा ते पुन्हा मोजतं.

मेजरमध्ये ‘निवडलेल्या काळातल्या शेवटच्या तारखेचा साठा’ असं सांगावं लागतं. त्यासाठी लास्टडेट आणि लास्टनॉनब्लँक अशी दोन फंक्शन्स आहेत आणि दोन्हींत एकेक खड्डा आहे. लास्टडेट कॅलेंडरमधली शेवटची तारीख घेतं, मग त्या दिवशी नोंद असो वा नसो. महिन्याचा शेवट रविवारी आला आणि नोंद शनिवारी झाली असेल तर साठा कोरा दिसेल. लास्टनॉनब्लँक नोंद असलेली शेवटची तारीख शोधतं, पण एकूण रांगेत ती सगळ्या शीतगृहांसाठी मिळून एकच असते. एका शीतगृहाची शेवटची नोंद ३० तारखेची आणि दुसऱ्याची २९ ची असेल तर एकूणमधून दुसरं गळून पडतं. वेगवेगळं पाहिलं तर दोन्ही बरोबर, एकत्र पाहिलं की कमी. म्हणून शेवटची तारीख प्रत्येक शीतगृहासाठी वेगळी काढा आणि मगच साठ्यांची बेरीज करा. तपासताना मुद्दाम असाच महिना निवडा, ज्यात दोन शीतगृहांच्या शेवटच्या नोंदी वेगळ्या दिवसांच्या आहेत.

बेरीज न होणारे आणखी आकडे तुमच्या मॉडेलमध्ये असतील. सौद्याला, म्हणजे लिलावाला, आलेले व्यापारी दर महिन्याला वेगवेगळे मोजले तर त्या संख्यांची बेरीज म्हणजे तिमाहीतले व्यापारी नव्हेत, कारण तेच व्यापारी तिन्ही महिने येतात. टक्केवारीचंही तसंच. मी साखर कारखान्याच्या कॉस्टिंग विभागात होते तेव्हा रोजच्या उताऱ्याची (उसातून निघालेल्या साखरेच्या टक्केवारीची) सरळ सरासरी काढून महिन्याचा उतारा सांगण्याचा मोह पुष्कळांना व्हायचा. एका दिवशी ५,००० टन ऊस १० टक्के उताऱ्याने गाळला आणि दुसऱ्या दिवशी १,००० टन १२ टक्क्यांनी, तर सरासरी ११ येते. प्रत्यक्षात ६,००० टनांतून ६२० टन साखर, म्हणजे साधारण १०.३३ टक्के. वरची संख्या आणि खालची संख्या यांच्या बेरजा आधी, भागाकार नंतर. तुमच्या सरासरी दराच्या मेजरमध्येही हे पाहा. सौद्यातला दर वजनाने भारित असायला हवा.

जाता जाता, वर्षाची सुरुवातही तपासून घ्या. टोटल-वायटीडी या, वर्षाच्या सुरुवातीपासूनची बेरीज देणाऱ्या फंक्शनला वर्षअखेर ३१ मार्च आहे हे सांगितलं नाही तर ते ३१ डिसेंबर धरतं. १ एप्रिलचा ‘वर्षभरातला’ आकडा त्या एका दिवसाएवढाच आला पाहिजे आणि ३१ मार्चचा पूर्ण वर्षाएवढा.

प्रश्न : झोनल मॅनेजरला फक्त स्वतःचा झोन दिसावा म्हणून रोल (कोणाला कोणत्या ओळी दिसाव्यात याचे नियम) लावले. तरी एकाला सगळी कंपनी दिसते, आणि बाकीच्यांना ‘कंपनीतला माझा वाटा’ १०० टक्के दिसतो.
– बीआय डेव्हलपर, नागपूर

उत्तर : ज्याला सगळं दिसतंय त्याला वर्कस्पेसमध्ये, म्हणजे मॉडेल ठेवलेल्या सामाईक जागेत, मेंबर किंवा कॉन्ट्रिब्यूटर केलेलं असणार. ओळीनुसारची ही सुरक्षा व्ह्यूअरला लागू होते, संपादनाचा अधिकार असलेल्याला होत नाही. १०० टक्क्यांचं कारण वेगळं आहे. छेदात ‘ऑल’ हे सगळे फिल्टर काढणारं फंक्शन लिहिलं तरी सुरक्षेने झाकलेल्या ओळी त्याला उघडता येत नाहीत, म्हणून छेदही त्याच झोनचा राहतो. कंपनीची एकूण झोनल मॅनेजरांनी पाहिलेली चालणार असेल तर ती महिनावार बेरीज करून वेगळ्या टेबलात ठेवा, जिथवर रोलचा फिल्टर पोचत नाही. चालणार की नाही हे आधी वरिष्ठांना विचारा. आणि ‘व्ह्यू ॲज’ ही दुसऱ्याच्या रोलमधून पाहण्याची सोय वापरून तपासताना काय दिसतं याबरोबर काय दिसू नये याचीही यादी करा. नागपूरच्या रोलमध्ये अमरावतीच्या एखाद्या मोठ्या ग्राहकाचं नाव शोधून पाहा.

प्रश्न : गोव्यात आमचा हॉटेलांचा व्यवसाय आहे. आता मॉडेलला साध्या भाषेत प्रश्न विचारता येतात, एआय उत्तर देतो. व्यवस्थापन म्हणतं की मेजरं आणि टेस्टिंग यांवर वेळ घालवू नका. तुमचं मत?
– रेव्हेन्यू ॲनालिस्ट, पणजी

उत्तर : माझं मत याच्या अगदी उलट आहे. अहवाल बनवणाऱ्या माणसाला शंका आली की तो उठून कोणाला तरी विचारतो. एआय मॉडेलमधली नावं आणि वर्णनं वाचतो आणि जे सगळ्यात जवळचं वाटतं ते उचलतो. ‘अमाउंट’, ‘अमाउंट_१’ आणि ‘नेट_न्यू’ असे तीन कॉलम समोर असतील तर त्यातला एक तो निवडेल आणि उत्तर तितक्याच ठामपणे देईल.

तुमच्याच धंद्यातले प्रश्न घ्या. ‘डिसेंबरचं उत्पन्न किती?’ यात डिसेंबर बुकिंगचा की मुक्कामाचा? ३० डिसेंबरला आलेला आणि २ जानेवारीला गेलेला पाहुणा कोणत्या महिन्यात? ‘ऑक्युपन्सी किती?’, म्हणजे किती टक्के खोल्या भरल्या, तर छेदात दुरुस्तीसाठी बंद ठेवलेल्या खोल्या धरायच्या की नाही? पावसाळ्यात पुष्कळ हॉटेलं खोल्या दुरुस्तीला काढतात, तेव्हा याच एका व्याख्येवर जुलैचा आकडा वर-खाली होतो. ‘गेला सीझन’ म्हणजे कोणते महिने? याची उत्तरं मॉडेलमध्ये नसतील तर एआय ती अंदाजाने भरेल, आणि त्याचा अंदाज तुमच्या कोणाच्याही समोर होणार नाही.

त्यामुळे मॉडेल आधी आवरून घ्या. जे कॉलम कोणी थेट वापरू नयेत ते लपवा. मेजरांना पूर्ण नावं द्या, ‘मुक्कामाच्या तारखेनुसार खोल्यांचं उत्पन्न, कर वगळून’ अशी. नाव लांब झालं तरी चालेल. तुमच्याकडे लोक ज्या शब्दांत बोलतात ते समानार्थी म्हणून नोंदवा.

मग एक प्रश्नावली बनवा. फ्रंट ऑफिस, अकाउंट्स आणि मालक यांनी खरोखर विचारलेले प्रश्न, त्यांच्याच शब्दांत, आणि प्रत्येकाचं हाताने काढलेलं उत्तर. एकच प्रश्न तीन-चार प्रकारे विचारा, कारण ‘ख्रिसमसच्या आठवड्यात किती खोल्या गेल्या’ आणि ‘२५ ते ३१ डिसेंबरची विकलेल्या खोल्यांची संख्या’ यांची उत्तरं एक यायला हवीत. ज्यांचं उत्तर मॉडेलमध्ये नाहीच असेही प्रश्न घाला, उदाहरणार्थ शेजारच्या हॉटेलाचा दर, आणि एआय ‘माहिती नाही’ म्हणतो का ते पाहा. मॉडेल बदललं की ही प्रश्नावली पुन्हा चालवा, आणि एआयचं उत्तर कोणत्या मेजरमधून आलं तेही तपासा. चुकीच्या मेजरमधून योगायोगाने बरोबर आलेला आकडा पुढच्या महिन्यात फसवतो. व्यवस्थापनाला पटवायचं असेल तर याच यादीतले पाच प्रश्न आजच्या, न आवरलेल्या मॉडेलला त्यांच्यासमोर विचारा आणि शेजारी अकाउंट्सची उत्तरं ठेवा.